पॉइंट जमले, पण पदरात काय?

"मॅडम, मोबाईल नंबर?"

सुपरमार्केटच्या काउंटरवरचा मुलगा मान वर न करता विचारतो आणि आपणही मागे उभ्या असलेल्या आठ-दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात दहाच्या दहा आकडे सांगून मोकळ्या होतो. मग बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापून येतं, 'आजचे पॉइंट ३२, एकूण पॉइंट २१४.' आपण घरी येतो, पिशव्या रिकाम्या करतो, बिल डब्याखाली सरकवतो. त्या २१४ पॉइंटांचे रुपये किती, हे मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी विचारलं आहे?

मी आमच्या भिशीत विचारून पाहिलं. अकराजणींपैकी नऊजणींचे कुठं ना कुठं पॉइंट जमलेले. एका पॉइंटची किंमत मात्र एकीलाच माहीत होती आणि ती कापडदुकानात हिशेब लिहायला जाते! बाकीच्या म्हणाल्या, "काहीतरी मिळतंच की शेवटी." या 'काहीतरी'चाच आज हिशेब मांडू या.

आमचं सिरसाळा परळी तालुक्यातलं. रोजचं मीठमिरची, चहासाखर गावातल्या किराणा दुकानातून येतं. पण महिन्याचं मोठं सामान भरायला, लग्नसराईत नाहीतर दिवाळीच्या तोंडावर, बायका आता परळी-अंबाजोगाईला, बीडला जातात. तिथं गार हवा, ढकलगाडी, हवं ते हातानं उचलून बघायची मुभा. मला स्वतःला हे आवडतं. दुकानदाराच्या तोंडाकडं बघत "जरा दुसरी दाखवा ना" म्हणावं लागत नाही. तेव्हा सुपरमार्केटात जाऊच नका, असं सांगायला मी बसलेली नाही. कार्ड आणि पॉइंट म्हणजे निव्वळ फसवणूक, असंही माझं म्हणणं नाही. फक्त ही सवलत येते कुठून आणि तिच्या बदल्यात आपण काय देतो, ते घर चालवणाऱ्या बाईला ठाऊक असायला हवं.

आधी साधं गणित करू. समजा, दुकान शंभर रुपयांना एक पॉइंट देतं आणि तुमचा महिन्याचा किराणा चार हजारांचा आहे. महिन्याला ४० पॉइंट झाले. आता एक पॉइंट म्हणजे एक रुपया असेल, तर मिळाले ४० रुपये. पण प्रत्येक ठिकाणी पॉइंट म्हणजे रुपया नसतो. आपल्याकडं गाजलेल्या 'पेबॅक' योजनेत चार पॉइंट मिळून एक रुपया व्हायचा, म्हणजे एक पॉइंट चार आण्यांचा. त्या भावानं चाळीस पॉइंटांचे झाले दहा रुपये! चार हजारांच्या खरेदीवर दहा रुपये म्हणजे शेकडा पाव टक्का. पॉइंटांचे आकडे मुद्दाम मोठे ठेवतात, ते याचसाठी. '५०० पॉइंट' ऐकायला किती भरघोस वाटतं! आणि दुसऱ्या गावी जायचं, तर एसटीत आपल्याला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट असलं, तरी जाऊन-येऊन तेवढे पैसे जातातच. चाळीस रुपयांतून ते वजा करा नि उरतं किती ते बघा.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. शेकडेवारी शिकवताना आठवीच्या वर्गाला एकदा असलंच एक बिल फळ्यावर लिहून दिलं. हजाराच्या वर बिल गेलं तर दुप्पट पॉइंट, अशी त्यावर पाटी होती. बाईंची खरेदी ८८० रुपयांची झाली आहे. त्यांनी आणखी १२० रुपयांची बिस्किटं घ्यावीत का? पोरींनी झटकन सांगितलं. ८८० ला ८ पॉइंट, हजाराला दुप्पट म्हणजे २०. फायदा १२ पॉइंटांचा, म्हणजे फार तर १२ रुपये, आणि त्यासाठी नको असलेली १२० रुपयांची बिस्किटं घरी आली. एक म्हणाली, "बाई, पण बिस्किटं तर मिळाली ना!" वर्ग हसला. पण दुकानाची सगळी भिस्त त्या एकीवरच आहे, हे लक्षात घ्या.

म्हणजे दुकानदाराचा फायदा पहिला हा, की आपण ठरवलं होतं त्यापेक्षा थोडं जास्त घेतो. दुसरा फायदा, पॉइंट साठलेत म्हणून पुढच्या वेळीही आपण त्याच दारात जातो. शेजारच्या दुकानात तूरडाळ किलोमागं आठ रुपयांनी स्वस्त असली तरी तिकडं पाय वळत नाहीत. तिसरा असा, की पुष्कळजणी पॉइंट वापरतच नाहीत. मुदत संपते आणि ते विरून जातात. चौथा फायदा सगळ्यांत मोठा आणि डोळ्यांना न दिसणारा. तो म्हणजे आपली माहिती.

ही गोष्ट मला नीट समजली ती फ्रान्समुळं. आमच्या नात्यातली एक मुलगी नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडं राहते. सुरुवातीला तिला भाषा येईना. काउंटरवरची बाई दर वेळी काहीतरी विचारायची आणि ही मान हलवून "नाही" म्हणायची. दोन महिन्यांनी कळलं, की ती 'दुकानाचं कार्ड आहे का?' असं विचारत होती! फोनवर मला म्हणाली, "मावशी, इथं कार्डाशिवाय दुकानात जाणं म्हणजे रेशनकार्ड घरी विसरून रांगेत उभं राहणं."

फ्रान्समध्ये कारफूर, लक्लेर, ओशाँ अशा मोठमोठ्या दुकानांच्या साखळ्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीचं आपलं कार्ड आहे. बहुतेक ठिकाणी ते फुकट मिळतं. नाव, पत्ता, ईमेल, फोन भरून दिला की झालं. गंमत पुढंच आहे. कार्डावरची पुष्कळशी सवलत तिथल्या तिथं बिलातून वजा होत नाही. समजा, डब्यावर लिहिलंय 'कार्डावर ३० टक्के'. तर पैसे पूर्ण भरायचे आणि ते तीस टक्के कार्डाच्या खात्यात जमा व्हायचे. या साठ्याला तिकडं 'कान्योत' म्हणतात. आपल्या भाषेत गल्ला म्हणा किंवा मातीची भिशी म्हणा. मात्र ही भिशी फोडायची तीही त्याच साखळीच्या दुकानात. आजचे पैसे गेले आजच, सवलत मिळणार पुढच्या खेपेला, आणि पुढची खेप त्याच दाराशी.

बिलाच्या तळाशी गल्ल्यात किती जमले ते छापून यायचं. पण कागद वाचवण्यासाठी फ्रान्सनं १ ऑगस्ट २०२३ पासून नवा नियम केला. गिऱ्हाइकानं मागितलं तरच छापील बिल द्यायचं. त्यामुळं आता किती साठले ते फोनमध्ये बघावं लागतं, आणि न बघणाऱ्यांचे पैसे तिथंच राहतात. आमची ही मुलगी बिल मागूनच घेते. आईच्या वळणावर गेली आहे.

फ्रेंच बाई म्हणजे अत्तर लावून, टोपी घालून ऐटीत फिरणारी, असं आपल्याला सिनेमावरून वाटतं. पण जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या आँतेरमार्शे नावाच्या साखळीनं न्युटेला हे चॉकलेटचं लोणी सत्तर टक्के सवलतीनं विकायला काढलं. साडेचार युरोची बरणी १ युरो ४१ सेंटला. तेव्हा दुकानादुकानांत अशी झोंबाझोंबी झाली, की काही ठिकाणी पोलिसांना बोलवावं लागलं. साड्यांच्या सेलमधली आपली रेटारेटी आठवली ना? त्याच वर्षी तिथं कायदा झाला, की खाण्याच्या वस्तूवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त सवलत देता येणार नाही. कार्डावर नंतर जमा होणारी सवलतही त्यात धरतात. गिऱ्हाइकाची सवलत रोखणारा कायदा ऐकून मला आधी रागच आला. पण त्यामागचं कारण शेतकऱ्याचं आहे. दुकानांची स्वस्ताईची शर्यत लागली, की शेवटी दूध नि भाजी पिकवणाऱ्याचा भाव पाडला जातो. हे सांगायला आपल्या बीड जिल्ह्यात फार लांब जावं लागत नाही.

आता माहितीचं. पूर्वी दुकानदाराला एवढंच कळायचं, की आज साबणाच्या शंभर वड्या खपल्या. कार्ड किंवा नंबर आला आणि कळायला लागलं, की अमुक बाईनं दर महिन्याला चार वड्या घेतल्या, या महिन्यात दोनच घेतल्या. इंग्लंडात टेस्को या साखळीनं १९९५ मध्ये 'क्लबकार्ड' सुरू केलं. एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी या नवराबायकोंच्या छोट्याशा कंपनीनं त्या कार्डावरच्या खरेदीची छाननी करून दाखवली, आणि तेव्हापासून जगभरच्या दुकानदारांचे डोळे उघडले. घरात तान्हं मूल आलं, कुणाला साखरेचा आजार झाला, पाहुणे येऊन राहिले, पगार लांबला, हे सगळं किराण्याच्या यादीत उमटतं. शेजारणीला जे आपण सांगत नाही, ते बिलाला सांगतो.

या माहितीचं काय होतं? काही वेळा उपयोगही होतो. आपण नेहमी घेतो त्याच वस्तूचं कूपन येतं. पण ती किती वर्षं साठवून ठेवायची? फ्रान्समध्ये माहितीच्या राखणीसाठी 'क्निल' नावाचं सरकारी खातं आहे. त्यानं नोव्हेंबर २०२० मध्ये कारफूर कंपनीला आणि तिच्या बँकेला मिळून तीस लाख युरोंहून जास्त दंड ठोठावला. इतर कारणांबरोबर एक कारण असं, की पाच ते दहा वर्षांत दुकानाकडं फिरकलेही नव्हते अशा दोन कोटी ऐंशी लाखांहून जास्त गिऱ्हाइकांची माहिती कार्डाच्या योजनेत तशीच पडून होती. एवढी माणसं दुकान विसरली, दुकान मात्र त्यांना विसरलं नव्हतं.

उलट बाजूही सांगते, नाहीतर एकांगी होईल. ब्रिटनच्या सरकारी तपासणीत नोव्हेंबर २०२४ मध्ये असं आढळलं, की कार्डवाल्यांना दिलेली सवलत बहुतेक वस्तूंवर खरोखरीची होती, आधी भाव फुगवून मग उतरवलेली नव्हती. पण तीच वस्तू दुसऱ्या दुकानात त्याहूनही स्वस्त असू शकते, हेही त्यांनी बजावून सांगितलं.

आपल्या देशात हे आलं कसं? 'शॉपर्स स्टॉप'नं १९९४ मध्ये 'फर्स्ट सिटिझन' कार्ड काढलं. मग २००६ मध्ये 'आय-मिंट' आलं, त्याचं पुढं 'पेबॅक' झालं. २०२१ मध्ये ते 'भारतपे'नं विकत घेतलं आणि २०२२ मध्ये त्याचं नाव 'झिलियन' केलं. म्हणजे एकाच योजनेची तीन बारशी. दर वेळी नियमांचा नवा कागद, आणि तो कोण वाचणार! 'बिग बझार'ची एक योजना मध्यमवर्गात फार लोकप्रिय होती. दहा हजार रुपये एकदम भरायचे आणि वर्षभर दर महिन्याला हजाराचा माल घ्यायचा. दहाचे बारा होत. काटकसरी बायकांना ती भिशीसारखी वाटायची, आणि चालली तोवर चांगली चाललीही. पण २०२२ च्या सुरुवातीला 'बिग बझार'ची दुकानं बंद पडली आणि त्या वर्षीच्या जुलैत ती चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. दुकानात साठवलेल्या पॉइंटांना, आगाऊ भरलेल्या पैशांना नसतो. सोन्याच्या दुकानातली भिशी, कपड्यांचं कूपन, सगळ्यांना हेच लागू. आपले पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात जितके कमी दिवस, तितकं बरं.

आणि याच देशात 'डी-मार्ट'सारखी साखळी कार्ड नाही, पॉइंट नाहीत, नुसता छापील किमतीपेक्षा उतरता भाव लावून वाढली. २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिलं दुकान निघालं. पॉइंट नाहीत म्हणून तिथली गर्दी काही हटलेली नाही. तेव्हा पॉइंट देणारं दुकान स्वस्त आणि न देणारं महाग, असं समीकरण बांधू नका.

मला स्वतःला या सगळ्यांत जुनी सहकारी दुकानांची पद्धत सरळ वाटते. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ मध्ये विणकरांनी आणि कारागिरांनी मिळून दुकान काढलं. वर्षअखेर नफा उरला, तर ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. खरं तर आजच्या कार्डाची आजी तीच! फरक एवढाच, की तिथं गिऱ्हाईकच मालक होतं. महाराष्ट्रात मुंबईचा 'अपना बाजार', वारणानगरचा 'वारणा बाजार' हे त्याच घराण्यातले. 'मुंबई ग्राहक पंचायती'नं १९७५ पासून आणखी वेगळी वाट काढली. शेजारपाजारच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र भरायची, माल एका घरी उतरतो आणि बायका आपसात वाटून घेतात. दुकान नाही, जाहिरात नाही, पॉइंटही नाहीत. आमच्या भिशीतल्या पाचजणी या उन्हाळ्यात गहू आणि तूरडाळ अशीच एकत्र घेणार आहोत. बघू कसं जमतं ते.

आणि गावातलं किराणा दुकान? तिथंही कार्ड असतं, लाल कापडात बांधलेलं. उधारीची वही! आमच्या भागात कापूस विकला जाईपर्यंत, ऊसतोडीहून माणसं परत येईपर्यंत कित्येक घरांची चूल या वहीवर पेटते. बदल्यात भाव थोडा चढा लागतो आणि वहीत नाव असेतो दुसरीकडं जायची चोरी, हे खरंच आहे. आणि माहितीचं म्हणाल, तर कुणाच्या घरी काय शिजतं हे दुकानदाराइतकं कुणालाच ठाऊक नसतं. फार तर पारावरच्या मंडळींना! पण घरात आजारपण आलं, तर संध्याकाळी साबुदाणा नि साखर बिनपैशानं देणारंही तेच दुकान असतं. कुठल्याही कार्डावर मला ती सोय अजून दिसलेली नाही. म्हणून सगळा किराणा तिकडून न आणता थोडा इथंही ठेवावा, असं आमच्या घरी आम्ही ठरवलं आहे.

आता काउंटरवरच्या त्या प्रश्नाचं. नंबर दिलाच पाहिजे का? नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना स्पष्ट कळवलं, की फोननंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवून धरू नये. बिल हा आपला हक्क आहे, नंबर ही आपली मर्जी. "नंबर नको, बिल द्या," एवढं म्हटलं की पुरे. पहिल्यांदा म्हणताना जीभ जरा अडखळते, मागच्या रांगेतले बघतात. दुसऱ्यांदा सोपं जातं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं बिल नाकारणं आणि विश्वासानं दिलेली आपली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. तक्रारीसाठी १९१५ हा फोननंबर आहे. माहितीच्या रक्षणाचा वेगळा कायदाही २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत.

द्यायचाच असेल नंबर, तर जरूर द्या. पण मोठ्यानं सांगू नका, चिठ्ठीवर लिहून पुढं करा नाहीतर यंत्रावर स्वतः टाका. घरात सगळ्यांनी मिळून एकच नंबर सांगावा. मालकांच्या नंबरावर निम्मे, आपल्या नंबरावर निम्मे, असं झालं की कुठंच वापरण्याइतके पॉइंट जमत नाहीत. जन्मतारीख, लग्नाची तारीख, मुलांची नावं हे रकाने कोरे सोडले तरी कार्ड मिळतं का, ते विचारा. आणि विचारायचे तीन प्रश्न हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: एका पॉइंटचे पैसे किती, कमीतकमी किती जमल्यावर वापरता येतात, आणि मुदत कधी संपते. नीट उत्तर मिळालं नाही, तर ते पॉइंट शून्य धरून भाव बघा. पाकिटावर आता किलोची, लिटरची किंवा नगाची किंमतही छापलेली असते. मोठं पाकीट, त्यावर पॉइंट, आणि तरीही किलोमागं महाग, असं पुष्कळदा सापडतं. चष्मा पर्समध्ये असू द्या.

एक मात्र कळकळीनं सांगते. 'तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, लगेच वापरा' असा निरोप फोनवर आला आणि खाली निळ्या अक्षरात दुवा असला, तर त्याला बोट लावू नका. आमच्या ओळखीच्या एका बाईंना बँकेच्या नावानं असाच निरोप आला. त्यांनी सांगितलेलं ॲप उतरवून घेतलं, आलेला ओटीपी टाकला, आणि मुलीच्या वसतिगृहाच्या फीसाठी शिलाईतून साठवलेले पैसे दहा मिनिटांत गेले. घरी सांगायला त्या चार दिवस घाबरल्या, आणि तेच चार दिवस महत्त्वाचे होते. असं कुणाचं झालं तर रागवत बसू नका, लाजूही नका. त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला खातं गोठवायला सांगा. जितका उशीर कमी, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. हा नंबर पुठ्ठ्यावर लिहून स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी टांगा, म्हणजे सासूबाईंनाही सापडेल.

आणि डब्याखाली सरकवलेली ती जुनी बिलं आज काढून बघा. त्यांची शाई चार-सहा महिन्यांत उडते. पॉइंटांची मुदत दिवाळीआधी संपत असेल, तर तेल आणि साखर घेतानाच ते वापरून टाका.